अर्ध्या बोटाची चोरी

"दोन्ही बाह्या आवळ," भाऊ म्हणाले. "मनगटाला चिकटून बसायला हव्यात. बांगडी भरल्यासारख्या."

"भाऊ, अख्खी रत्नागिरी उकाड्यानं सैल कपडे घालतेय आणि तुम्ही आवळताय," मी म्हटलं. "घामोळं येईल."

"येऊ दे. माप घे तू."

त्यांनी डावा हात पुढे केला. मी माप घेतलं, लिहिलं आणि उजवा मागितला. उजवा पँटच्या खिशात होता आणि खिशातच राहिला. "डाव्यासारखाच आहे," ते म्हणाले. आता, इतकी वर्षं शिवणकाम करून मला एवढं तरी कळतं की कुठल्याही माणसाचे दोन हात सारखे नसतात. माप देताना बायका पोट आत घेतात, पुरुष छाती बाहेर काढतात, पण हात लपवणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं. मी तो हात सरळ ओढून बाहेर काढला. मनगटाभोवती टेप गुंडाळला, आकडा वाचायला गेले, तर आकडा एका जागी थांबेना.

मी मान वर केली नाही. भाऊच बोलले.

"गणपतीपासून आहे. कोल्हापूरला जाऊन दाखवून आलो. गोळ्या दिल्यात. म्हणाले, हे वाढत जाणार." मग घाईघाईनं, "जेवताखाताना काही अडत नाही गो. चहा डाव्या हातानं पितो. फक्त टेबलावर जमत नाही."

कुठल्या टेबलावर, ते रत्नागिरीत तेव्हा पाच माणसांना ठाऊक होतं. त्यातली एक मी.

आंबर्डेकर डॉक्टरांच्या दातांच्या दवाखान्यावर एक मोठी खोली होती. तिथे टेबलटेनिसची दोन टेबलं जोडून ठेवलेली, त्यांवर निळं कापड, कापडावर जांभ्या दगडाच्या तुकड्यांची बेटं, आणि त्या समुद्रात बोटाएवढाली लाकडी जहाजं. दर रविवारी सकाळी ही मंडळी तिथे जमून आरमाराच्या लढाया खेळायची. लढायाही यांच्याच डोक्यातून निघालेल्या, इतिहासात कधी न झालेल्या. एका बाजूला भाऊ, म्हणजे टेक्निकल शाळेतले चित्रकलेचे निवृत्त मास्तर भार्गव नागवेकर, आणि त्यांचे जोडीदार पोस्टातले रेवाळे. समोरच्या बाजूला डॉक्टर आणि युसूफकाका फणसोपकर. युसूफकाका आयुष्यभर मालवाहू जहाजावर सारंग होते, डेकवरच्या खलाशांचे मुकादम. खरी जहाजं सोडून घरी आले ते या लाकडाच्या जहाजांत अडकले. भाऊ आणि ते पहिलीपासूनचे दोस्त, एका बाकावरचे.

मी तिथे गेले होते निळं कापड शिवून द्यायला. कोणीतरी म्हणालं, जरा टेपचं टोक धर गो. मी धरलं, आणि ते टोक पुढे कधी सुटलंच नाही. मोजणारा माणूस कुठल्याच बाजूचा नसलेला बरा, म्हणून मला पंच केलं. रविवारी माझा शिवणाचा क्लास बंद असायचा आणि घरी माझी वाट बघणारं कोणी नव्हतं, तेव्हा मलाही ते गोडच लागलं.

खेळ ऐकायला पोरकट वाटेल, पण त्यांचे नियम कोर्टात नसतील इतके कडक होते. माप बोटांचं. कोणाच्या बोटांचं यावरून म्हणे सुरुवातीला महिनाभर भांडण चाललं होतं, कारण युसूफकाकांचं एक बोट म्हणजे भाऊंची दोन. शेवटी बांबूच्या पट्टीवर खाचा पाडून बोटकाठी केली. आपली पाळी आली की आधी तोंडानं बोलायचं, जहाज कुठे वळणार आणि किती बोटं जाणार. मगच काठी ठेवायची. आधी मोजून मग ठरवणं म्हणजे चीटिंग. माप मधल्या डोलकाठीपासून. वळण असेल तर मी काजाचा दोरा त्या वळणावर आंथरायची, जिथे माप संपेल तिथे मोहरीचा दाणा ठेवायची, आणि खेळणाऱ्यानं आपलं जहाज उचलून त्या दाण्यावर आणायचं. ज्याचं जहाज त्याचाच हात. दुसऱ्याच्या जहाजाला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं.

मोकळ्या समुद्रात हे सोपं. पण ही माणसं लढायला जागा निवडायची ती नेमकी खाडीच्या तोंडाची. दोन वितींत बारा-चौदा जहाजं, डोलकाठ्यांना डोलकाठ्या भिडलेल्या, मध्ये शिडांच्या दोऱ्या. त्यात हात घालायचा म्हणजे शिट्या होणाऱ्या कुकरचं झाकण काढण्याएवढी हिंमत लागायची. डॉक्टर दात बघायचा छोटा आरसा आत घालून माप वाचायचे आणि चिमट्यानं जहाज ठेवायचे. बाकीचे श्वास रोखून बोटांनी. आणि कोणाच्या हातानं, बाहीनं दुसऱ्याची डोलकाठी मोडली, तर ते जहाज त्यानं घरी न्यायचं आणि पुढच्या खेळाला स्वतःच्या हातानं दुरुस्त करून आणायचं. यात सूट नाही.

दसऱ्याच्या खेळात भाऊंनी युसूफकाकांच्या लाडक्या गुराबेची डोलकाठी मोडली. गुराब म्हणजे आरमारातलं मोठं लढाऊ जहाज, आणि ही काकांनी वर्षभर खपून केलेली. भाऊ म्हणाले, बाहीत अडकली. सगळ्यांनी मान डोलावली. आणि आता ते माझ्या दुकानात बाह्या आवळायला उभे होते.

"ती गुराब दुरुस्त झाली?" मी विचारलं.

भाऊंनी पिशवीतून चपलांचा खोका काढला. आत गुराब होती, डोलकाठी तशीच मोडकी, आणि तिच्याभोवती दोऱ्याचा नुसता गुंता. किती वेळा बांधायला बसले असतील देव जाणे. हा माणूस एके काळी फळ्यावर फ्रीहँड गोल काढायचा आणि पोरं कंपास लावून तपासायची.

"तू बांधून देतेस का?" ते म्हणाले. "कोणाला सांगू नकोस."

मी पडदा ओढून घेतला आणि बसले. डोलकाठी चिकटवली, दोऱ्या बांधल्या, वर तपकिरी पॉलिशचा हात दिला. मूळची कुठली आणि माझी कुठली, मला स्वतःला ओळखू येईना. पुढच्या रविवारी युसूफकाकांनी गुराब हातात घेतली, खिडकीकडे नेऊन उजेडात फिरवून बघितली, आणि म्हणाले, "झकास केलंस भार्गव." भाऊ खोकले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मी सांगतेय तो दिवस त्याच्या पुढच्या रविवारचा. भाऊ मला न्यायला घरी आले होते, नव्या आवळलेल्या बाह्यांत. दवाखान्याच्या पायऱ्यांखाली थांबले.

"कुंदा, आज ठरवून आलोय," ते म्हणाले. "आज माझा हात कोणाच्याही जहाजाला लागला, तर माझी सगळी जहाजं शाळेच्या कपाटात. परत वर चढणार नाही."

"काहीतरीच काय, भाऊ."

"काहीतरीच नाही. मोडतोड करणारा म्हातारा म्हणून मला तिथे बसायचं नाही. आणि त्यांनी समजून घेतलेलं तर त्याहून नको. बिचारा, असू दे, त्याला जमत नाही. नको रे देवा."

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा भिलाईला. या माणसाच्या आठवड्यात रविवार सोडला तर दुसरा वार नव्हता. सोमवार ते शनिवार ते त्या रविवारची जहाजं घासत बसायचे. मी पायऱ्या चढताना गणपतीला नारळ बोलले. एक नव्हे, दोन.

त्या दिवशीची लढाई खाडीच्या तोंडाचीच. भाऊंची गलबतं, म्हणजे लहान चपळ जहाजं, आत कोंडलेली, आणि त्यांनी फोडून बाहेर पडायचं. पहिल्या काही पाळ्या सोप्या गेल्या. भाऊ मोकळ्या जागेतली जहाजं चालवत होते. उजव्या हाताला डाव्यानं मनगटापाशी धरायचे आणि असे खाली आणायचे, की बघणाऱ्याला वाटावं, माणूस फार विचार करून खेळतोय. रेवाळे म्हणालेसुद्धा, "नागवेकर, आज अगदी शास्त्रशुद्ध."

आणि मग ती वेळ आली. डॉक्टरांचं एक गलबत आणि युसूफकाकांची गुराब यांच्यात एक फट होती, जेमतेम दोन बोटांची. त्यातून गेलं की बाहेर समुद्र. भाऊंनी ती फट बघितली. ती बघितल्यावर हा माणूस गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"मधलं गलबत," भाऊ म्हणाले. "दोन बोटं सरळ, मग उजवीकडे वळून पाच."

डॉक्टरांनी शीळ घातली. मी काठी ठेवली, दोरा आंथरला, मोहरी टाकली. दाणा बरोबर त्या दोन डोलकाठ्यांच्या मध्ये पडला. गलबत जायला जागा होती. पण गलबत धरलेला हात जायला जागा नव्हती, निदान तो हात तरी.

भाऊंनी गलबत उचललं. आवळलेली बाही मनगटाला घट्ट होती, पण तिच्या पुढचा पंजा बाहीचं थोडाच ऐकतो. गलबताची डोलकाठी हवेत हलत होती. मी टेबलाची कड धरली. मला ओरडावंसं वाटलं, थांबा. आणि कोणीतरी तेच म्हणालं.

"थांब, भार्गव. हात मागे घे."

युसूफकाका उभे राहिले होते.

"का?" भाऊ म्हणाले.

"आधी मागे घे."

भाऊंनी हात मागे घेतला, गलबत होतं तिथे टेकवलं.

"तू सकाळपासनं पुढे सरकवतोयस," युसूफकाका म्हणाले. "दर पाळीला. ठेवताना अर्धं बोट पुढे. मी बघतोय."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करायला किक मारत होतं, तेवढाच आवाज.

"मी?" भाऊ म्हणाले. "मी चोरतो म्हणतोस?"

"मी म्हणत नाही. बोटकाठी म्हणते."

मला राहवेना. "काका, बोटकाठी माझ्या हातात आहे आणि ती असलं काही म्हणत नाही," मी म्हटलं. "भाऊंचं प्रत्येक जहाज मोहरीवर बसलंय. मी बघितलंय."

"तू दाणा बघतेस गो. ठेवताना हात कुठे जातो ते बघत नाहीस."

"युसूफ, काय बोलतोयस कळतंय का?" डॉक्टर म्हणाले. "नागवेकर?"

"दहा वर्षं खेळतोय आपण," भाऊंचा आवाज चढला. "दहा वर्षांत कोणी असं म्हणालं नाही."

"दहा वर्षांत कोणी बघितलं नाही," युसूफकाका म्हणाले.

हे फार झालं. रेवाळे तर खाली बघायला लागले. भाऊंचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग असा लाल झाला, की मला वाटलं आता हा माणूस जहाजं गोळा करून जाणार, हात न लागताच जाणार, आणि ते या युसूफकाकांच्या पायी. पण भाऊ गेले नाहीत. भाऊंनी खुर्ची पुढे ओढली आणि बसले. त्या बसण्याचा आवाज झाला.

"बरं," ते म्हणाले. "मी चोर. मग मी हात लावत नाही. पण मेल्या, चोर एकटाच कसा असेल या खोलीत? आजपासून कोणीच हात लावायचा नाही. खाडी असो नाहीतर मोकळा समुद्र असो. तोंडानं सांगायचं आणि कुंदानं ठेवायचं. खऱ्या जहाजावर तांडेल काय स्वतः खांद्यावर घेऊन जातो जहाज?"

"माझी जहाजं मी ठेवणार," युसूफकाका म्हणाले. "माझ्यावर आळ नाही."

"नाही ना? मग मी घेतो. तूसुद्धा सरकवतोस. अर्धं नाही, पाऊण. तुझं बोटच मेलं पाऊण जास्त आहे."

डॉक्टरांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. युसूफकाका थोडा वेळ आपल्या गुराबेकडे बघत राहिले. त्या माणसाला जहाज हातात घेण्याचाच खरा नाद. पाळी नसली तरी बोटानं तिच्या शिडाची धूळ झटकत बसायचे.

"बरं," ते म्हणाले. "पंचाच्या हातानं. सगळ्यांची."

"आणि तुझ्या त्या राणीला नुसतं बोट लावलंस तर डाव माझा."

"तुझा."

असा तो नियम झाला. मी ते गलबत उचललं. इतक्या वर्षांत टेबलावर पहिल्यांदा त्यांच्यातल्या कोणाच्या जहाजाला मी हात लावला. डॉक्टरांनी चिमटा दिला, मी नको म्हटलं. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला फट ती काय मोठी. गलबत दोन डोलकाठ्यांमधून नेलं आणि मोहरीवर टेकवलं. कोणाची दोरीसुद्धा हलली नाही.

"आता तोफा," भाऊ म्हणाले.

आणि मग जो खेळ झाला तसा मी नंतर कधी बघितला नाही. इतके दिवस भाऊंचं निम्मं लक्ष हाताकडे असायचं, हे मला तेव्हा कळलं. आता राग होता आणि तोंड होतं, हात मध्ये नव्हता. वर्गातला तो जुना आवाज बाहेर आला. "दुसरं गलबत, तीन बोटं, डावीकडे. अजून डावीकडे, कुंदा, तोंड बेटाच्या टोकाकडे. बस्स." मी नुसती ठेवत सुटले. एकामागून एक गलबतं बाहेर पडली, वळली आणि मागून त्या गुराबेवर आली. रेवाळे खुर्चीवर टेकेनात. उजवा हात भाऊंनी कधीतरी टेबलाच्या कडेवर आणून ठेवला होता, चारचौघांत, उघडा. तो थरथरत होता, आणि त्याचं भाऊंना काही नव्हतं आणि दुसऱ्या कोणालाही काही नव्हतं.

भाऊंनी गुराब धरली. युसूफकाकांनी नियमाप्रमाणे शीड उतरवल्याचं, म्हणजे हरल्याचं, तोंडानं जाहीर केलं.

"लिहून ठेवा," भाऊ म्हणाले. "चोरानं धरली."

चहा आला. मी सगळ्यांना दिला आणि युसूफकाकांचा कप टेबलावर लांब ठेवला, त्यांना उठून घ्यावा लागेल असा. केलेली कडबोळी डबा बंद करून पिशवीत टाकली. डॉक्टर आणि रेवाळे त्यांना सोडून आपापसातच बोलत होते. काका कप घेऊन खिडकीपाशी उभे राहिले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. मला वाटलं, होऊ देत.

घरी जाताना मी भाऊंना रेवाळ्यांच्या हवाली केलं आणि युसूफकाकांना गाठलं. ते राजिवड्याच्या उतारावर, आपल्या घराच्या वाटेवर होते.

"काका, एक विचारायचंय," मी म्हटलं. "माझी काठी खोटी आहे का?"

"नाही गो."

"माझे डोळे फुटलेत?"

"नाही."

"मग त्या माणसानं तुमचं काय वाकडं केलं होतं? पहिलीपासूनचा दोस्त म्हणवता. चारचौघांत चोर ठरवलात. ते आज काय ठरवून आले होते माहीत आहे तुम्हाला?"

"काय ठरवून आला होता ते नाही माहीत," युसूफकाका म्हणाले. "पण त्याची डोलकाठी हवेत नाचत होती ते मला दिसलं. अजून एक वीत खाली गेला असता, तर माझी गुराब आणि डॉक्टरांचं गलबत, दोन्ही गेली असती."

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"गुराब परत आली तेव्हाच. भार्गव दोऱ्या बांधतो ती गाठ मी त्याला शिकवली. पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा, धक्क्यावर बसून. दोन वेढे, आणि टोक स्वतःच्याच खालून. त्याला दुसरी गाठ येतच नाही." ते थोडं हसले. "गुराबेला होती ती शर्टाच्या बटणाची गाठ. आणि वर पॉलिश."

माझ्या पाठीवर मी दिलेली थाप मला तिथल्या तिथे आठवली.

"मग सरळ सांगायचं होतंत," मी म्हटलं. "भार्गव, तुला त्रास होतोय, कुंदाला ठेवू दे. आम्ही कोणी नाही म्हटलं असतं?"

"तुम्ही नसतं म्हटलं. तो उठून गेला असता. त्याला मी ओळखतो गो. कीव केली की उठतो, राग आला की बसतो. म्हणून राग आणला." ते उतारावर थांबले, धाप लागली होती. "चोर नाही म्हणायचं होतं मला. नुसतं हात सरकतो म्हणणार होतो. पण तो चिडेना पुरेसा."

"आणि आता सगळे तुमच्याशी बोलेनासे झालेत, त्याचं काय?"

"बोलतील. न बोलून सांगतात कोणाला, डॉक्टरला चौथा गडी मिळायचा नाही." मग माझ्या पिशवीकडे बघून, "ती कडबोळी होती ना गो?"

मी डबाच दिला. रस्त्यात उभं राहून त्यांनी दोन खाल्ली.

"त्याला कळू द्यायचं नाही," ते म्हणाले. "कधीच. शपथ घे."

मी घेतली.

भाऊ त्यानंतर पुष्कळ वर्षं खेळले. हात वाढत वाढत गेला, नंतर पाय, शेवटी डॉक्टर आणि रेवाळे त्यांना खुर्चीसकट वर चढवायचे. पण जहाजाला हात लावायचाच नव्हता, तेव्हा ते कधी कोणाला कमी पडले नाहीत. दारात आले की दर रविवारी तेच, "येऊ का आत? की चोराला बाहेरच उभं करताय?" आणि युसूफकाका मान वर न करता म्हणायचे, "ये. पण खिसे उलटे करून ये." नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, या दोघांचं हाडवैर आहे.

शेवटच्या आजारपणात मी भाऊंना जेवण भरवायला जायची. बोलणं बारीक झालं होतं, कान तोंडाशी न्यावा लागायचा. एकदा दुपारी म्हणाले, "जहाजं युसूफला दे. सगळी."

"देईन."

"आणि सांग त्याला, चोरीचा माल आहे. मोजून घे."

"भाऊ, अजून ते मनात धरून बसलात?" मला वाईट वाटलं. शपथ होती, नाहीतर तिथेच सांगून टाकलं असतं.

ते हसायला लागले. हसणं म्हणजे नुसता श्वास. "त्या दिवशी कान बघितले होतेस त्याचे?" म्हणाले. "टोमॅटो. पहिलीपासून तसंच. खोटं बोलला की कान. त्याच्यामुळे आम्ही शाळेत दर वेळी पकडले जायचो."

मी चमचा खाली ठेवला.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर आभार मानावे लागले असते," भाऊ म्हणाले. "आणि त्या मेल्याला ते ऐकून घ्यावे लागले असते. दोघांची पंचाईत. त्यापेक्षा चोर बरा."

तेरावं झाल्यावरच्या रविवारी मी जहाजांचा खोका घेऊन दवाखान्यावर गेले. तिघंच होते. मी खोका युसूफकाकांसमोर ठेवला आणि भाऊंचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. चोरीचा माल आहे, मोजून घे. ते ऐकून घेत होते. मग मी कानांचंही सांगितलं. शपथ भाऊंना न सांगण्याची होती, भाऊंनी सांगितलेलं सांगू नये अशी नव्हती.

युसूफकाकांनी एकदा स्वतःच्या कानाला हात लावला.

"म्हणजे त्याला ठाऊक होतं," ते म्हणाले. "सगळा वेळ."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी वाहू दिलं. डॉक्टर आणि रेवाळे समुद्र आंथरायला लागले, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. खाडीचं तोंड मांडलं. भाऊंच्या बाजूनं युसूफकाका बसले.

"काका, आता तो नियम कशाला?" रेवाळे हळूच म्हणाले. "तुमचे हात चांगले आहेत. लावा की हातानं."

"नियम म्हणजे नियम," युसूफकाका म्हणाले. "कुंदा, मधलं गलबत. दोन बोटं सरळ, मग उजवीकडे पाच."

मी काठी ठेवली, दोरा आंथरला, मोहरी टाकली. भाऊंचं गलबत उचलून अगदी दाण्यावर टेकवलं.

युसूफकाका वाकले, डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिले.

"अर्धं बोट पुढे घे," ते म्हणाले. "भार्गवचं आहे ते."

मी पंच होते. मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होते. मी गलबताला मागून बोट लावलं आणि अर्धं बोट पुढे सरकवलं.